सुनेचा आवाज

११ मार्च १९७१

सूनबाईचा आवाज गेला! सकाळी रविंद्रवर ओरडाले तोंड उघडलं, तं नुसती हवा. आम्ही मायलेक आधी हासलो. मंग चारुशीलाच्या डोळ्यात पाणी दिसलं, तं हासू गिळलं.

जाईल नाही तं काय! शाळेतली प्रेमिलाबाई बाळंतपणाच्या रजेवर, म्हणून तिचाही वर्ग हिच्याच डोक्यावर. दोन वर्गांचे पोट्टे एका खोलीत! आधी इलेक्शनची ड्यूटी. आता शाळा सुटली का शिरगणती — घरोघर जा अन् विचारत बसा. घरी आली का आम्ही आहोच, "चारु, हे कुठं, ते कुठं."

डॉक्टर म्हणाले, "एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही. नाही तर आवाज कायमचा बसेल."

बिनआवाजाची मास्तरीण कोण ठेवते? नोकरी जाईल पोरीची. मले भेव वाटून राहिलं.

१२ मार्च

हेडमास्तर वामनरावांकडे मीच गेली, रजा मागाले.

"शिरगणतीत रजा? वरून हुकूम आहे, आजी. वर्गात फळ्यावर लिहून भागवा म्हणा. घरोघर मात्र जावंच लागेल."

"अन् विचारन कोण?"

"ते तुम्ही पाहा."

पाहते म्हटलं! ती लिहील, मी विचारीन. चौथी शिकली आहे मी.

१५ मार्च

मजा आहे बाप्पा शिरगणतीत! चारुशीला कागदावर बोट ठेवते, मी विचारते. पार्वतीबाईले वय विचारलं. म्हणे, "चाळीस लिही." मी म्हटलं, "अवं, तुहा नातू मॅट्रिकले बसला न वं!" चारुशीलानं असा चिमटा काढला मले! बाहेर आल्यावर पाटीवर लिहून दाखवलं — आई, फक्त विचारायचं. भांडायचं नाही.

बरं. पण कोणी चहा दिला तं प्यावाच लागते न! आज अर्धी गल्लीच झाली.

१७ मार्च

चारुशीला जेवता जेवता झोपली. हातातला घास मी काढून घेतला, तरी जाग नाही.

२१ मार्च

रविवार. चारुशीला दुपारची झोपली! लग्न होऊन या घरात आली तवापासून हिले दुपारी आडवी झालेली पाहिली नव्हती. शिकवणीचे पोट्टे दारातूनच परत गेले. शाळेतल्या निरोपाच्या कार्यक्रमाचं तिचं काम वामनरावांनी दुसऱ्या मास्तरले दिलं. रविंद्र आपला शर्ट आपण शोधते — अन् सापडते पण! उत्तर देता येत नाही म्हणून कोणी तिले काही विचारतच नाही.

किती वेळ पाहत बसली मी तिच्याकडे. लय लाडाची आहे माही सून. तोंडानं कधी सांगितलं नाही, ते आज इथं लिहून ठेवते.

२४ मार्च

डॉक्टरनं बॅटरी लावून पाहिलं. "गळा साफ आहे. बोला आता."

तिनं तोंड उघडलं. काहीच नाही! रिक्षात मीच रडत होती, अन् तीच माहा हात धरून बसली होती. मी तशीच बुद्धविहारात गेली, मेणबत्ती लावली. पोरीचा आवाज येऊ दे, मंग माहा गेला तरी चालन.

वामनराव म्हणाले, "उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपेपर्यंत वाट पाहू. मग वर कळवावंच लागेल."

२५ मार्च

आजही नाही. मेणबत्त्या दोन लावल्या.

२८ मार्च

मी मागच्या दाराशी तांदूळ निवडून राहिली होती. चारुशीला अंगणात मोगऱ्याले पाणी घालत होती, माह्याकडे पाठ. अन् आवाज आला! साफ, शाळेच्या घंटीसारखा!

मोगऱ्याले म्हणते, "तुले बरं आहे बाप्पा. कोणी काही विचारत नाही. मलेही राहू दे थोडे दिवस अशीच."

असा राग आला! मी इथं मेणबत्त्या लावून राहिली, अन् ही...! मंग सूप उचललं, अन् आवाज न करता घरात आली.

संध्याकाळी आम्हा दोघीले वामनराव भेटले. "आला का आवाज?"

"कुठचा, मास्तर! सुट्ट्या संपेपर्यंत काही येत नाही."

चारुशीलानं माह्याकडे पाहिलं. मी नाही पाहिलं.

उद्या शेवटची गल्ली आहे. विचारीन मीच.