बोटीचा पहिला हात

चिमणे,

तू गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. मी डॉक्टरांकडे जातोय. आईने विचारलं तर फिरायला गेलेत म्हण.

आपल्या फेरीबोटीची छोटी प्रतिकृती गच्चीत पुठ्ठ्यावर ठेवली आहे. साबणाने धुऊन वाळवली आहे, आता हाताचं तेल लागू देऊ नकोस, रंग धरत नाही. प्रायमर, म्हणजे निळ्याखालचा पहिला हात, राखाडीच घे. पांढऱ्यावर निळा भडक दिसेल, आणि ती कधीच भडक नव्हती. डबा चांगला हलव, वीतभर लांबून पातळ फवार, घाई करू नकोस.

पहिला हात बसला की जरा नुसती बघत बस. अशी राखाडी झाली की ती धुक्यातून येतेय असं वाटतं. तीस वर्षं चालवली मी ती खरी बोट. पहाटे काठ दिसायचाच नाही. धक्क्यावर कुणी खोकलं की कळायचं, पोचलो.

मागच्या वेळी रंगाचे ओघळ आले, तेव्हा मी दमट हवेला बोल लावला होता. हवा कोरडी होती गं. माझा हात थरथरत होता.

– बाबा