वेंडेलला ऐकू येत नव्हतं

प्रिय ऑर्विल,

देवाच्या कृपेनं आई बरी आहे. पाय सुजतात, पण रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचं सोडत नाही. तुझ्या वाटणीच्या मुरवलेल्या भेंडीची बरणी तिनं कुणाला उघडू दिलेली नाही.

तुझ्या जोडीदार पोलिसानं तुझ्यासमोर आपल्या गिरणीवाल्या वेंडेलला पाठीत गोळी घातली, त्याला महिना झाला. त्या पोलिसावर खटला भरायचा की नाही, ते येत्या सोमवारी ज्यूरी ठरवणार. त्याआधी, या मंगळवारी, जिल्ह्याच्या सभागृहात त्यावर सभा झाली. प्रत्येकाला दोन मिनिटं, मग घंटा, मग माइक बंद. शाळेतून निवृत्त झालेल्या गोऱ्या हॅडलीबाई शांतपणे म्हणाल्या, पोलिसाला विचार करायला अर्धा सेकंद मिळतो, त्याचीही लेकरं घरी वाट बघतात. खोटं नाही ते. मी मान डोलावली. पण व्हर्नेलमावशी जागेवरूनच म्हणाली, "बाई, तो अर्धा सेकंद आम्हा काळ्यांच्याच वेळी कसा हो संपतो? तुमचा नातू दारू पिऊन कुंपणात गाडी घालतो, तेव्हा शेरीफला अख्खी दुपार मोकळी असते." हॅडलीबाईसुद्धा ओशाळून हसल्या.

मग खताच्या दुकानाचा डेल उठला. "यात रंग कुठून आणता? थांब म्हटलं की थांबायचं. आणि सोबतचा पोलीस काळाच होता की. ऑर्विलला विचारा." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. त्यांनी तुझं नाव ढालीसारखं पुढे धरलं होतं, आणि ते मला वेंडेलच्या मयतीपेक्षा जास्त लागलं. देव मला क्षमा करो.

माझी पाळी आली. कापसाच्या गिरणीत वीस वर्षं काढून वेंडेलचे दोन्ही कान गेले होते, हे सांगेपर्यंत घंटा झाली. मी खाली बसलो नाही. आपल्या चर्चमध्ये आजोबांच्या काळी गाण्यांचं पुस्तक एकच होतं, म्हणून उपासना चालवणाऱ्या डीकननं ओळ सांगायची आणि मंडळींनी ती लांब सुरात उचलायची. अठरा वर्षं मी तेच करतोय. आवाज आपोआप तसा लागला. "वेंडेलला ऐकू येत नव्हतं." मागच्या रांगांनी ओळ उचलली, कुणाला सांगावं लागलं नाही. "त्याची पाठ होती तुमच्याकडे." तीही उचलली. अध्यक्ष हातोडा आपटत राहिले. मावशीनं त्यावरच पायानं ताल धरला.

आता खरं ते लिहितो. तुझ्या जबानीत आहे, की वेंडेलनं हुकूम धुडकावला. पण त्याच संध्याकाळी आईच्या ओसरीवर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून तू म्हणालास, "दादा, मी ओरडलो, तो बहिरा आहे, गोळी झाडू नकोस. तरी त्यानं झाडली." खरं बोललास तर नोकरी जाईल, खात्यातले पोलीस तुला वाळीत टाकतील, हे मला दिसतंय. इथं घर आहे, शेत आहे, मी आहे. पण ते शब्द पोटात दाबून मला मंडळींपुढे प्रार्थना म्हणता येत नाही. काल सरकारी वकिलाकडे जाऊन साक्षीदारांत माझं नाव लिहून आलो. सोमवारी ज्यूरीपुढे तुझ्यानंतर लगेच मला बोलावणार आहेत. हे तुला परक्याच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. तू खरं बोललास, तर मला नुसतं "हो" म्हणायचं उरेल. नाही बोललास, तरी मी बोलणारच.

तुझाच दादा,
इझेकिएल