उलटं फिरलेलं पाणी

कट्टा,
१२ एप्रिल २०२५

चि. गौरजास,

आशीर्वाद. माझे गुडघे सोडले तर घरात सर्व ठीक. काजू यंदा कमी. सावंतवाडीत ऊन कसं आहे? तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

पुढच्या रविवारी, २० तारखेला, देवळाची तळी साफ करण्यासाठी रिकामी करायची आहे. तळाचं बूच ओढण्याचा मान आपल्याच घरातल्या बाईचा. गेल्या वर्षी ते तू ओढलंस, पाणी प्रदक्षिणेच्या उलट फिरत गेलं आणि आपला भाई चारचौघांत म्हणाला, नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बाईचा हात देवीला चालला नाही.

मी ताडकन सांगितलं, उत्तर गोलार्धात पाणी उलटंच फिरतं, पृथ्वीच्या फिरण्यामुळे. एकतीस वर्षं शाळेत हेच शिकवलं होतं. भाईने शेजारची, गुरांना पाणी पाजायची दगडी दोण भरून मोकळी केली. ते पाणी सुलट फिरलं. लोक हसले.

तू एकटी स्टँडवर गेलीस. मी जागची हलले नाही.

त्यानंतर परसात टबाला भोक पाडून महिनाभर पाणी सोडत बसले. एका बाजूने ओतलं की एकीकडे फिरतं, दुसऱ्या बाजूने ओतलं की दुसरीकडे. दिवसभर स्थिर ठेवलं तर कधी असं, कधी तसं. पृथ्वी समुद्रावरची वादळं फिरवते. एवढ्याशा पाण्यावर तिचा जोर नगण्य. तळीत झऱ्याचा पाट कोपऱ्यातून शिरतो, पाण्याला तिथेच वळण लागतं. मी चुकीचं शिकवलं. लिहून देते.

सोमवारी देवळातल्या बैठकीत उभी राहून हेच सांगितलं. भाई म्हणाला, "ताई, गेल्या वर्सा पृथ्वी फिरवलंस, यंदा थांबवलंस काय?"

मी म्हटलं, "पृथ्वी फिरताच आसा. पाणी तिचा आयकणा नाय, तुजाव आयकणा नाय."

मग त्याने आपल्या सुनेचं, सलोनीचं नाव पुढे केलं. ती सासऱ्यासमोर म्हणाली, "गौरजाआत्या इली नाय, तर मी बुचाक हात लावचंय नाय." मला जे वर्षापूर्वी जमलं नाही, ते त्या पोरीला जमलं.

रविवारी पहिल्या एसटीने ये. पाणी कुठे फिरेल, मी सांगणार नाही. उलटं फिरलं तर पुन्हा हसतील. हसू देत. तू आली नाहीस, तर आपल्या घरातलं कोणीही बूच ओढणार नाही, असं मी बैठकीत बोलून बसले आहे. मग तळी का तुंबली, ते भाईने देवीला सांगावं.

तुझी, वर्षभर उशिरा बोललेली,
सावित्रीताई