वीतभर पुढे गेलेलं पातं

झाउडरफेन, १४ मे १९७९

ती. आबेल आजोबांना फेनाचा साष्टांग नमस्कार.

…तर मागच्या पत्रात जे गिळलं, ते आता सांगते. तुमचं गुडघ्याचं ऑपरेशन मस्त झालं म्हणून मी आपली पवनचक्की आनंदाच्या खुणेवर थांबवायला गेले. पातं खाली यायच्या जरा आधी थांबलं की आनंद, खाली येऊन पुढे गेलं की दुखवटा, हे मला तोंडपाठ आहे. पण ब्रेकची दोरी ओढली आणि पातं वीतभर पुढे जाऊन थांबलं. मी वर न बघताच सायकल काढून घरी.

गावाला वाटलं, तुम्ही गेलात. मोहरीची पोती नेणाऱ्या बोटवाल्यांनी बातमी कालव्याने पुढे नेली, तर तिथल्या दोन चक्क्यांनीही दुखवटा धरला. बेकरीवाले लुबर्टकाका चर्चसमोर सगळ्यांदेखत रडले. म्हणाले, आबेलसारखं पीठ अख्ख्या प्रांतात कुणी दळलं नाही. एकोणीस वर्षं तुमच्या पिठाला भुसा म्हणणारे हेच ना? संध्याकाळी मी खरं सांगितलं, तेव्हा त्यांचं तोंड बघायला हवं होतं.

आता शनिवारी गावसमिती ठरवणार, चक्कीची किल्ली माझ्याकडे ठेवायची की काढून घ्यायची. जाम टेन्शन आलंय. रागवा, पण माया पातळ करू नका.

तुमची,
फेना

ग्रोनिंगेन, १६ मे

चि. फेनास मेलेल्या आजोबाचे अनेक आशीर्वाद.

काल एक बोटवाला पांढरी फुलं घेऊन दवाखान्यात आला. मी वाटाण्याचं सूप ओरपत होतो. मला बघून तोच आडवा व्हायचा बाकी होता. फुलं ठेवून घेतली.

वेडे, ती दोरी माझ्या शंभर किलोला सरावलेली. तू पडलीस पन्नासची. तुझ्या हाताला ब्रेक उशिरा लागणार, म्हणून दोरी जरा आधी ओढायची. हे शिकवायचं मीच विसरलो, समितीलाही तसंच लिहितोय.

लुबर्टचं वाक्य मात्र जपून ठेव. चक्कीच्या दारावर रंगवून घेणार आहे.

गुडघ्यापेक्षा तुझ्या काळजीने जागा,
आबेल

झाउडरफेन, २० मे

ती. आजोबांना साष्टांग नमस्कार.

किल्ली माझ्या खिशात आहे. तुमचं पत्र वाचूनही मतं तीन-तीन झाली. अर्ध्यांचं म्हणणं, पोरीला हौस आहे, हात नाही. सातवं मत उरलं लुबर्टकाकांचं. ते मला बाहेर घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, मत तुला देतो, पण तुझ्या म्हाताऱ्याने चर्चसमोरच्या त्या पिठाच्या बोलण्याचा विषय जन्मात काढायचा नाही. मी तुमच्या वतीने शब्द देऊन टाकला.

एवढं करून लोभ मागायला भीती वाटतेय, तरी मागते.

तुमची,
फेना

ता. क. खरं सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर दिला असता का शब्द?