हळदीच्या मांडवातली अट

प्रिय संचू,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे बरे आहेत. फोनवर आपलं दोन वाक्यांत भांडण होतं आणि मी फोन कापते, म्हणून लिहायला बसलेय. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, जमेल तसं वाच.

माजिवड्याच्या घराला रंग लावून झाला. तुझ्या भावाने पिस्ता कलर निवडलाय. हॉस्पिटलसारखा दिसतो, पण लग्न ऋतुराजचं आहे, मी गप्प बसले. हो, मी. वागळे इस्टेटला कंपनीत सुट्टी मागितली तर सुपरवायझर तोंड वाकडं करत होता. त्याला म्हटलं, एकच मुलगा आहे, पुन्हा मागणार नाही. दिली.

तू बँकेतली नोकरी सोडून खडवलीला हौसाआजीकडे धवले शिकायला गेलीस, ते मी कंपनीत कुणाला सांगितलं नव्हतं. तुला काचेच्या केबिनमध्ये बसलेली बघायचं होतं मला. आपल्यात धवलारीण धवले गाऊन लग्न लावते, माझंही तसंच लागलंय. पण ती म्हातारी बाई असते, तोंडात पान धरून बसलेली. बीकॉम झालेली पोर नसते. ते मला अजून पटलंय असं समजू नकोस.

त्यात ऋतुराजच्या हळदीला गा म्हटलं तर तू मलाच अट घातलीस. "धवले चालू असताना डीजे बंद, आई. आणि करवली म्हणून मला नाचायला उठवायचं नाही. घरचं लग्न असलं तरी." मी म्हटलं मग येऊच नकोस. तू बरं म्हणालीस. रडली नाहीस, भांडली नाहीस, त्याचाच जास्त राग आला.

मग गेल्या रविवारी केशरबाईच्या नातीच्या हळदीला कल्याणला गेले. जेवून निघणार होते. मांडवात बघते तर तू. मी मागे कूलरच्या आड बसले. नवरीचा मामा, गळ्यात साखळ्याच साखळ्या, मध्येच उठून डीजेवाल्याला गाणं लाव म्हणाला. तू थांबलीस आणि आवाज न चढवता म्हणालीस, "मामा, खाली बसा. हळद अजून लागली नाही." आणि तो बसला गं. शेजारची बाई कुजबुजली, लग्न न झालेली पोर कशाला धवले म्हणते. तिला म्हटलं, ऐकायचं नसेल तर जेवायला जा, मटण गरम आहे. मग तू पुढचं घेतलंस आणि सगळ्या बाया मागून म्हणायला लागल्या. मीपण म्हटलं. तुला न भेटता निघाले. भेटले असते तर काहीतरी बोलून बसले असते.

करवलीची साडी आता स्वप्नाला दिलीय, तुझ्या काकाची मुलगी आहे, नाचते पण बरी. डीजेवाल्याला सांगितलंय, हळद लागून झाल्यावरच ये. धवलारणीला बोलावणं घरच्या बाईने जाऊन करायचं असतं, तेव्हा गुरुवारी नारळ घेऊन खडवलीला येते. आधी कळवावं म्हणून हे पत्र. मांडवात तू सांगशील तिथे मी बसेन, सांगशील ते हातात धरेन. चार माणसांत ओरडलीस तरी ऐकून घेईन. घरी आल्यावर बघू.

तुझीच,
आई