ह्यांना काय दिसलं?

११ नोव्हेंबर, मंगळवार

हे घरी आले. चालत! शेजाऱ्यांनी जिन्याखाली खुर्ची आणून ठेवली होती, ती परत पाठवली.

गेल्या आठवड्यात चष्म्याच्या दुकानात, गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता हे कोसळले. दवाखान्यात नेलं, मी घरून धावत पोचले, आणि माझ्यासमोरच ह्यांचं हृदय बंद पडलं. दाबून, झटके देऊन डॉक्टरांनी ते पुन्हा चालू केलं. आता छाती दुखते म्हणून कुरकुर. सूप अळणी म्हणून कुरकुर. एकदा मेलेल्या माणसाने एवढी कुरकुर करू नये!

१२ नोव्हेंबर

नणंदबाई सकाळीच हजर. पर्सही खाली ठेवली नाही — "दादा, काय दिसलं रे?"

"काही नाही."

"म्हणजे? अंधार?"

"अंधारसुद्धा नाही गं. झोपलो आणि उठलो."

तिचं तोंड असं उतरलं, जणू भाऊ परगावाहून आला आणि तिच्यासाठी काहीच आणलं नाही.

हा माणूस आयुष्यभर दुकानात लोकांना अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवून विचारत आला — "आता काय दिसतंय?" भोगा म्हणावं.

१४ नोव्हेंबर

रीघ लागली आहे. चर्चमधलं एकूण एक माणूस येऊन तेच विचारतं. माझे कप धुवून हात दुखले.

आणि उत्तराला पालवी फुटते आहे! बुधवारी 'काही नाही' होतं. काल 'थोडा उजेड' झाला. आज दुपारपर्यंत उजेडात एक वाट निघाली, वाटेच्या टोकाला कुणीतरी उभं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. लोक गेल्यावर विचारलं, "ही वाट कुठून आली?"

"अगं, माणसं इतक्या आशेने येतात. रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?"

"बिस्किटं द्या."

१५ नोव्हेंबर

पाळकसाहेब आले. रविवारच्या वर्गात माझ्याच हाताखाली शिकलेला मुलगा, पवित्र शास्त्रात काठावर पास. आता झगा घालतो आणि मला उपदेश करतो. रविवारच्या उपासनेत ह्यांनी साक्ष द्यावी, काय अनुभवलं ते उभं राहून सगळ्यांना सांगावं म्हणे. "बाई, मरणातून उठलेला माणूस आपल्यात आहे!"

"उठलेला नाही, उठवलेला," मी म्हणाले. "आणि पुन्हा मरणार आहे."

शुभवर्तमानात ख्रिस्ताने उठवलेला तो माणूस चार दिवस थडग्यात राहून बाहेर आला. आत काय पाहिलं, याबद्दल त्याचा एक शब्द लिहिलेला नाही. शहाणा होता. आणि तोही पुढे मेलाच असणार. ह्यांना जे परत मिळालं ते जुनंच — तेच गुडघे, तेच बद्धकोष्ठ, तेच घोरणं. त्याला पुनरुत्थान म्हणायचं असेल तर मला नको! ख्रिस्त उठला तो पुन्हा न मरण्यासाठी. आम्हालाही तसंच नवं करून उठवील, हा आमचा विश्वास. हे मी त्याला चांगलं ठणकावून सांगितलं.

"मग बाई, तुम्हीच द्या की साक्ष!" तो हसला.

मी हसले नाही.

नंतर —

का हसले नाही ते इथे लिहिते. दुसरं कुणी वाचणार नाही.

रविवारच्या वर्गात मुलांना हेच शिकवत आले. एक शब्द चुकला तर पुन्हा म्हणायला लावलं. आणि ह्यांचं हृदय बंद होतं तेव्हा? मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. डॉक्टर बाहेर जा म्हणाले, मी गेले नाही. त्या वेळचं मला काय आठवतं — ह्यांच्या मोज्याला अंगठ्याशी भोक पडलं होतं. आणि परक्यांसमोर फाटका मोजा म्हणून मला लाज वाटली. बस्स! एक वचन नाही, प्रार्थना नाही, प्रभूचं नाव नाही.

विश्वास असता तर तेव्हा वर आला नसता? की नुसतंच पाठांतर?

ह्यांना काही दिसलं नाही म्हणून लोक हळहळतात. हे निदान बेशुद्ध होते!

१६ नोव्हेंबर, रविवार

हे उभे राहिले. टाय वाकडा. मी नजरेने खुणावलं, लक्ष दिलं नाही.

"मी थापा मारल्या," म्हणाले. "उजेड मी घरी तयार केला. वाटही. बहिणीचं तोंड बघवेना म्हणून. मला काहीही दिसलं नाही."

मग टाय ओढून आणखी वाकडा केला.

"पण माझ्या दुकानात येणाऱ्याला अक्षरं दिसत नाहीत, म्हणून तक्ता कोरा असतो का? माझ्या उठण्यावर विश्वास ठेवू नका. मी डॉक्टरांमुळे उठलो. ज्याच्यावर ठेवायचा, तो वेगळा." आणि बसले.

मला अभिमान वाटला. बोलून दाखवला नाही, डोक्यावर बसतील.

नणंदबाई दारातच भडकली. "दादा, निदान उजेड तरी ठेवायचास!"

आणखी एक, त्याआधीचं. विश्वास-अंगीकार, म्हणजे आम्ही काय मानतो ते दर रविवारी म्हणतो तो, म्हणायला सगळे उभे राहिलो. 'शरीराचं पुनरुत्थान' आलं आणि मी नुसते ओठ हलवले. आयुष्यात पहिल्यांदा.

१७ नोव्हेंबर

ह्यांना मोज्याचं सांगितलं. छाती धरधरून हसले. "अगं, नवे घेऊ!"

मोज्याचा प्रश्न नाही, म्हटलं. रविवारचा वर्ग सोडते आहे. जिला स्वतःला खात्री नाही तिने मुलांचे कान पिळू नयेत. हसायचे थांबले. "घाई करू नकोस," एवढंच म्हणाले.

घाई कसली? गुरुवारी ह्यांना तपासायला न्यायचं आहे. येताना पाळकसाहेबांकडे जाऊन सांगून टाकणार.

१८ नोव्हेंबर

वर्गाच्या चित्रांची पेटी आवरली. द्यायला तयार.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दवाखान्यात त्या दिवशीचीच सिस्टर भेटली. म्हणाली, "मावशी, तुमच्या धीराची कमाल! डॉक्टरांनी मान हलवली, तरी तुम्ही शांत. काकांना सारखं एकच सांगत होतात — 'तुम्ही पुढे व्हा, मी दार लावून आलेच.' आम्हाला वाटलं, बिचाऱ्या घर उघडं टाकून आल्यात."

मला यातलं काहीही आठवत नाही.

घराचं दार तर मी लावूनच निघाले होते. मग ह्यांना मी 'पुढे' कुठे पाठवत होते?