ॲपात न लिहिलेली अर्धी पोळी

मंगळवार, संध्याकाळी आठ. हुडकेश्वर

आज वजनकाट्यावर ६८. कॅलरीवाल्या ॲपने पाच आठवड्यांपूर्वी सांगितलं होतं तेवढंच. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. वाईटही वाटलं नाही. काहीच नाही.

याआधी तीनदा त्याचा अंदाज चुकला होता. मी चहातली साखरसुद्धा लिहायची आणि वजन तिथंच. ॲप खोटारडं आहे, असं सगळ्यांना सांगत फिरले. आज यांनी काट्यावर वाकून पाहिलं. "मी सांगून राहिलो होतो ना तुले, ॲप बरोबर आहे म्हणून." मी हो म्हटलं.

खोटं कोण होतं मग? आजारपणात सासूबाईंना एक पोळी जायची नाही. मी मोडूनच वाढायची, तरी दोन्ही वेळेला अर्धी ताटात राहायची, सोबत वरण-भात. "फेकू नको वं, खाऊन घे," म्हणायच्या. मी ओट्यापाशी उभ्यानंच खायची आणि ताट घासायला टाकायची. ती अर्धी पोळी मी कधीच लिहिली नाही. ते माझं जेवण आहे असं वाटलंच नाही ना कधी.

त्यांना जाऊन दोन महिने झाले. तेव्हापासून ॲप बरोबर सांगतंय.

आत्ता जेवताना सवयीनं पोळी मोडून अर्धी बाजूला ठेवली गेली. ती तशीच राहिली. शेवटी ओट्यापाशी जाऊन उभ्यानं खाल्ली आणि पहिल्यांदाच ॲपात लिहिली. अर्धी पोळी.

लगेच उत्तर आलं: रोज आजच्यासारखंच जेवलात तर पाच आठवड्यांनी ६७.

रोज कुणाची खाऊ आता?